कळंगुटला पहिल्यांदाच जाताय? गर्दीतही निवांत सुट्टी काढता येते, ती अशी

उत्तर गोव्यातलं कळंगुट म्हटलं की ओळखीतलं कोणीतरी हमखास सांगतं, तिकडे कशाला, नुसती जत्रा असते, त्यापेक्षा साउथ गोवा करा नाहीतर सरळ तारकर्ली गाठा. त्यांचं खोटं नाहीये, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या बागा गावाच्या रस्त्यावर गाडी खरंच हलत नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना, त्यातही आईबाबा किंवा लहान पोरं सोबत असतील तर, मी तरी कळंगुट-कांदोळीचाच पट्टा सुचवेन कारण इथे सगळं हाताशी आहे, प्रत्येक बजेटची खोली, मेडिकल, एटीएम, रात्री उशिरापर्यंत जेवण, चालत जाण्याच्या अंतरावर समुद्र आणि किनाऱ्यावर लाईफगार्ड. दक्षिणेला सिकेरीपासून उत्तरेला बागाच्या खाडीपर्यंत सहा-सात किलोमीटर सलग वाळू आहे आणि गर्दी त्यातल्या दोन-तीन ठिकाणीच, तीही ठराविक वेळेलाच साचते. ती ठिकाणं आणि त्या वेळा कळल्या की बाकीचा किनारा आणि बाकीचा दिवस तुमचाच आहे.

सगळ्यात आधी तारखा

अर्धं काम इथेच होतं. २० डिसेंबर ते २ जानेवारी, दिवाळीची सुट्टी, कार्निव्हलचे चार दिवस आणि जोडून सुट्टी आलेले वीकेंड, हे सोडून द्या. निवांतपणाच हवा असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, किंवा जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळाच. रविवारी दुपारनंतर मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळीच्या गाड्या परतायला लागतात, त्यामुळे रविवारी संध्याकाळी पोचून गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी निघायचं हा सगळ्यात चांगला हिशोब, त्याच हॉटेलची खोली स्वस्त मिळते आणि जेवायला टेबलासाठी थांबावं लागत नाही.

मे महिन्यात उकाडा आणि घाम असतो, शाळांना सुट्ट्या म्हणून गर्दीही असते, पण गोव्याचा मानकुराद आंबा तेव्हाच मिळतो त्यामुळे त्याच्यासाठी जाणारे जातातच. जून ते सप्टेंबर हा वेगळाच प्रकार, शॅक म्हणजे वाळूवरची झापाची हॉटेलं काढून ठेवलेली असतात, समुद्र खवळलेला असतो, पोहायला बंदी, वॉटर स्पोर्ट्स बंद. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारीही बंद असते, म्हणजे ताटात येणारा मासा बहुतेक वेळा बर्फातला. ज्यांना बाल्कनीत बसून पाऊस बघायचाय आणि पुस्तक वाचायचंय त्यांना ते दिवस छान, पण पाण्यात उतरायचं डोक्यात असेल तर तेव्हा जाऊ नका.

मग खोली, आणि ती कुठल्या बाजूला

बागाची टिटोज लेन आणि तिच्या आजूबाजूचा भाग रात्री जागणाऱ्यांसाठी आहे, तिथे खोली घेऊन झोपेची अपेक्षा करू नका. कळंगुटचा मेन बीच, जिथे पायऱ्या उतरून किनाऱ्यावर जातात, तिथे टूर बसेस येतात, म्हणजे दुपारनंतर हॉर्न आणि गलका. त्याच्या दक्षिणेला गौरावाडो आणि पुढे कांदोळी, ह्या भागात बघा. मेन रोड किनाऱ्याला समांतर जातो, तर खोली त्या रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूलाच घ्यायची, आतल्या गल्लीत. रस्त्याच्या पलीकडे दोनशे रुपये वाचतात खरे पण दिवसातून चार वेळा टॉवेल, छत्री आणि पोरांना घेऊन तो ट्रॅफिक ओलांडायचा म्हणजे सुट्टीचा सगळा मूड जातो.

फोन करून तीन गोष्टी विचारा: खिडकी कुठे उघडते, किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि शेजारी क्लब किंवा लग्नाचा हॉल आहे का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर समजून घ्या. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून स्वतः पण बघा, शेजारी बांधकाम चालू असेल तर बऱ्याचदा तिथेच दिसतं. आणि कुठल्याही अनोळखी नंबरवर क्यूआर कोडने पूर्ण पैसे आधी पाठवू नका, समुद्राजवळच्या व्हिलाचे सुंदर फोटो टाकून पैसे उकळणारे पुष्कळ झालेत. हॉटेलचा लँडलाइन नंबर शोधा, त्यावर बोला, अलीकडचे रिव्ह्यू वाचा, मगच थोडा ॲडव्हान्स द्या.

पोचायचं कसं

रेल्वेने येत असाल तर तिकीट थिवीचं काढा, मडगावचं नको. लोक गोवा म्हणजे मडगाव समजून तिथे उतरतात आणि मग टॅक्सीला भरमसाट पैसे देऊन परत वर येतात. थिवीहून कळंगुट साधारण वीस किलोमीटर. कोकणकन्या रात्रीची आहे, सकाळी थिवीला सोडते, दिवसाचा प्रवास आवडत असेल तर मांडवी किंवा जनशताब्दी, आणि वंदे भारतही थिवीला थांबते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सीझनला पहिल्याच तासात वेटिंग लागतं, हे गृहीत धरा. पुणे-कोल्हापूरकडून रात्रीच्या स्लीपर बसेस आहेत, त्यांनी म्हापशाला उतरा, पणजीपर्यंत जायची गरज नाही. स्वतःची गाडी असेल तर आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी हा रस्ता सुंदर आहे, फक्त आंबोलीचा घाट धुक्यात आणि रात्री नको.

विमानाने येणाऱ्यांनी तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. २०२३ च्या जानेवारीपासून मोप्यालाही विमानं उतरतात, दाबोळी वेगळं आणि मोपा वेगळं, दोघांच्या मध्ये आख्खा उत्तर गोवा आहे. कळंगुटसाठी मोपा बरं पडतं.

तिथे गेल्यावर हिंडायला

ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवा माइल्स नावाचं टॅक्सीचं ॲप आहे, ते घरूनच फोनमध्ये टाकून घ्या. साध्या टॅक्सीने जाणार असाल तर बसायच्या आधी भाडं ठरवा आणि परतीचं पण त्याच वेळी बोलून घ्या. एकटे असाल तर मोटारसायकल पायलट बघा, पिवळ्या मडगार्डची बाईक, हा गोव्यातला जुना आणि कायदेशीर धंदा आहे, मागे बसायचं आणि जायचं.

स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे, स्वस्तात मिळाली तरी पोलिसांनी अडवलं की भुर्दंड तुमच्याच खिशाला. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे त्यात दिसले पाहिजेत. हेल्मेट घालाच आणि लायसन्स ओरिजिनल ठेवा.

पण खरं सांगू का, निवांत सुट्टीसाठी गाडीची गरजच कमी आहे. पणजी-कळंगुट आणि म्हापसा-कळंगुट खाजगी बसेस दिवसभर असतात, हात केला की थांबतात, तिकीट किरकोळ. संध्याकाळी सात-साडेसातनंतर मात्र बसेस कमी होत जातात, तेवढं लक्षात ठेवा. कळंगुट ते कांदोळी तर वाळूवरून चालतच जायचं.

दिवस कसा लावायचा

गर्दीचं घड्याळ असं आहे. टूरवाले नाश्ता करून साडेदहा-अकराला उतरतात, दुपारी थोडे पांगतात, चारपासून परत येतात आणि सूर्यास्ताला कळस होतो. रात्री जागलेले लोक अकराशिवाय उठत नाहीत. म्हणजे सकाळी सहा ते साडेनऊ हा किनारा जवळजवळ रिकामा असतो, आणि नेमकं तेव्हाच ऊनही सौम्य असतं कारण हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य माडांच्या मागून वर येतो आणि बराच वेळ वाळूवर सावली राहते. त्यामुळे सुट्टी आहे म्हणून उशिरा उठू असा विचार इथे करू नका. सकाळी लवकर उठा आणि झोप दुपारी काढा, हाच माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे.

सकाळी नशीब असेल तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, बघायला मिळते. होडीने जाळं अर्धगोल टाकून ठेवलेलं असतं आणि किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा, एकमेकांपासून बऱ्याच लांब, दोर ओढत ओढत हळूहळू जवळ येतात. वयस्क माणसं पण असतात त्यात, दोर कमरेला अडकवून पाठीवर भार टाकून मागे मागे सरकतात, टोकाला पोचलेला माणूस दोर सोडून परत पाण्याजवळ येऊन पुढून धरतो. जाळं वाळूवर आलं की आत तारली, बांगडे, एखादी कोळंबी, आणि वर कावळे-घारी. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि दोराच्या मध्ये उभं राहू नका, ती त्यांची रोजीरोटी आहे. विकत मिळाला तर तिथेच ताजा मासा घेता येतो, काही गेस्टहाउसवाले थोडे पैसे घेऊन तळून पण देतात, आधी विचारून ठेवा.

सातच्या सुमारास गल्लीत पोदेर म्हणजे पाववाला येतो, सायकलच्या मागे टोपली आणि पोंक-पोंक हॉर्न. पाव, पोळी (ही चपाती नव्हे, कोंड्याचा पाव), काकणं (बांगडीसारखे गोल पाव) काय असेल ते गरम घ्या. नाहीतर बाजारात एखाद्या छोट्या हॉटेलात गोव्याची पावभाजी खा, ही आपली मुंबईची लोण्यातली नाही, पातळ वाटाण्याची नाहीतर बटाट्याची भाजी, सोबत मिरची भजी आणि गोड बन्स. कमी पैशात पोट भरतं आणि हॉटेलच्या बफेपेक्षा कितीतरी चांगलं.

साडेनऊ-दहाला खोलीवर या, आंघोळ करा. अकरा ते साडेतीन उन्हात काही ठेवलेलं नाही, ह्या वेळात भाजून निघालं की पुढचे दोन दिवस खांद्याला टॉवेल लावता येत नाही. जेवा, झोपा, वाचा. चार वाजता परत किनाऱ्यावर, पण मेन बीचकडे न जाता डावीकडे, म्हणजे दक्षिणेला कांदोळीच्या दिशेने चालायला लागा. दहा-पंधरा मिनिटांत माणसं विरळ होतात, बहुतेक लोक जिथे पायऱ्या उतरतात तिथेच बसतात, पुढे जातच नाहीत. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या आसपास आणि मे महिन्यात सातच्या जवळ होतो, तेवढा अंदाज ठेवून बसायची जागा धरा.

चालता चालता कांदोळी-सिकेरीच्या बाजूला आलात की समुद्राकडे बघा, तिथे २००० सालच्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं मोठं जहाज वाळूत रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तसंच गंजत पडून होतं. जुने लोक अजून त्याच्यावरून जागा सांगतात.

पाण्यात उतरण्याआधी, हा भाग घाईत वाचू नका

किनाऱ्यावर दृष्टी मरीन ह्या कंपनीचे लाईफगार्ड असतात, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहापर्यंत. लाल-पिवळे झेंडे जिथे रोवलेत त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात जायचं. नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही, मग पाणी कितीही शांत दिसो. सकाळी साडेसातच्या आधी चालायचं, पाय भिजवायचे, पण पोहायचं नाही.

शांत पाण्याचाच धोका जास्त असतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत दिसतोय, लाट फुटतच नाहीये, तर नवख्याला वाटतं ही जागा सेफ आहे. उलट तिथूनच पाणी परत आत ओढलं जात असतं. चुकून सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहत बसू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, ओढ संपली की मग बाहेर यायचं, आणि पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून लाईफगार्डला खुणवायचं. बागाच्या खाडीच्या तोंडाशी तर अजिबात उतरू नका, तिथे नदीचं आणि भरतीचं पाणी एकत्र येतं. दारू पिऊन पाण्यात जाणं हे सगळ्यात वाईट, दरवर्षी त्यानेच जीव जातात, मित्रांना त्या वेळी राग आला तरी हात धरून बसवा.

भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशोब इथेही ढोबळमानाने चालतो: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार, पहाटे आणि दुपारी. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. तासभर इकडे तिकडे होतं, पण प्लॅन करायला पुरेसं आहे. पौर्णिमा-अमावस्येला भरती सकाळी अकराच्या पुढे येते, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी ओहोटी, वाळू रुंद आणि कडक, चालायला आणि पोरांना खेळायला सगळ्यात मजा त्याच दिवसांत. अष्टमीच्या आसपास उलट, सकाळ-संध्याकाळ पाणी वरपर्यंत असतं. खोली बुक करताना कालनिर्णय उघडून बघितलंत तर फायदाच आहे.

जेलीफिश कधीकधी येतात, वाळूवर पडलेल्याला सुद्धा हात लावू नका. डंख बसला तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, थेट लाईफगार्डकडे जायचं, त्यांच्याकडे प्रथमोपचार असतात. अडचणीत ११२ आणि ॲम्ब्युलन्सला १०८.

शॅक, जेवण आणि पैसे

शॅक हे सीझनपुरते असतात, पावसाळ्याआधी काढून टाकतात. त्यांच्या पुढच्या आरामखुर्च्यांचा नियम प्रत्येकाचा वेगळा, कोणी जेवलं की फुकट देतं, कोणी तासाचे पैसे घेतं. बसायच्या आधी विचारा, बसल्यावर विचारलं तर वाद होतो. मासा 'मार्केट रेट' लिहिलेला असेल तर मासा बघून, वजन करून, किंमत ठरवून मगच हो म्हणा. रोज शॅकमध्ये जेवणं खिशाला परवडत नाही आणि गरजही नाही, दुपारी गावातल्या खानावळीत माशाची थाळी घ्या, हुमण (माशाची आमटी), भात, किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर), एखादी तिसऱ्यांची सुकी भाजी, सोलकढी आणि वर इसवण (सुरमई) किंवा बांगडा रवा लावून. इथे मराठी बऱ्याच जणांना कळतं, तुम्ही मराठीत बोललात तर आज काय ताजं आहे ते सुद्धा मोकळेपणाने सांगतात. शाकाहारी असाल तर काही अडचण नाही, उडुपी हॉटेलं भरपूर आहेत.

किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या नेणं, चूल पेटवून स्वयंपाक करणं आणि वाळूवर गाडी नेणं ह्या सगळ्याला बंदी आहे आणि दंड खरोखर घेतात. अनवाणी चालणाऱ्या पोराच्या पायात काच गेलेली बघवत नाही हो, त्यामुळे हा नियम मला मनापासून पटतो.

नको म्हणताना एकदाच म्हणा

मसाज, टॅटू, माळा, पॅरासेलिंग, बनाना राईड, दर पाच मिनिटांनी कोणीतरी येणार. हसून एकदा 'नको' म्हणा आणि नजर पुस्तकात. किंमत विचारली की ते बसलेच, मग दिवसभर ओळख ठेवतात. त्या बिचाऱ्यांचा पण धंदा आहे, त्यामुळे ओरडू नका, पण घ्यायचं नसेल तर विचारू पण नका. वॉटर स्पोर्ट्स करायचेच असतील तर एकूण किती पैसे आणि किती मिनिटं हे आधी बोलून, लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून, सकाळच्या वेळेत करा. डॉल्फिन बघायला जायचं असेल तर सकाळीच, सिकेरीच्या बाजूने बोटी सुटतात.

रात्री कळंगुट-बागा रस्त्यावर 'चला सर, क्लबमध्ये घेऊन जातो, एंट्री फ्री' म्हणत मागे लागणारे दलाल भेटतात, विशेषतः फक्त मुलं-मुलं आलेली असतील तर. त्यांच्यासोबत जाऊ नका. आत गेल्यावर हवं तसं बिल लावून दमदाटी करतात, अशा तक्रारी कायम होत असतात.

एखादा दिवस किनाऱ्याशिवाय

रोज तेच नको वाटलं तर लांब कुठे पळू नका. आग्वाद जवळच आहे, १६१२ सालचा पोर्तुगीज किल्ला, मधोमध १८६४ चं दीपगृह, सकाळी उघडताच गेलात तर शांतता. त्याहून मला रेईश मागूशचा किल्ला जास्त आवडतो, छोटा आहे, नीट डागडुजी केलेला आहे, आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं आहेत आणि वरून मांडवी आणि पलीकडची पणजी दिसते, तरी बहुतेक लोक तिथे जातच नाहीत. शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार, चोरीस (गोव्याचं मसालेदार सॉसेज), मयडे गावची केळी, सुके मासे, मडकी, आणि खरेदीपेक्षा बघण्यातच वेळ जातो. शनिवारी संध्याकाळी मात्र हडफड्याच्या नाइट मार्केटकडे जाणारे सगळे रस्ते तुंबतात, त्या दिवशी खोलीजवळच राहा.

वाड्यांमधून चालताना ही लोकांची घरं आहेत हे विसरू नका, बाल्कांवात म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसलेल्या आजींचा फोटो न विचारता काढायचा नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांत बाजारात किंवा देवळा-चर्चजवळ फिरायचं नाही.

निघताना

शेवटच्या सकाळीसुद्धा चालून या, चेकआउट बहुतेक ठिकाणी दहा-अकराला असतं आणि गाडी दुपारची असेल तर बॅग रिसेप्शनवर ठेवून देतात. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, आणि पोरांच्या चपला-खेळणी नळाखाली धुऊन घ्या. काजू घ्यायचे तर म्हापसा किंवा पणजीतून घ्या, किनाऱ्याजवळच्या दुकानांत भाव चढे असतात. दारूच्या बाटल्या महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. थिवीला जायची टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि शनिवार-रविवार असेल तर तासभर जास्तीचा धरून निघा, साळगावच्या रस्त्याला लागेपर्यंतच बराच वेळ जातो.